कॅम्परव्हॅन, पायवाटा आणि फ्रान्सचं लॉत-दोर्दोन्य खोरं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नैऋत्य फ्रान्समधल्या लॉत आणि दोर्दोन्य या नद्यांच्या खोऱ्यांत आम्ही नवरा-बायको कॅम्परव्हॅन घेऊन हिंडतो, तेही जास्त करून पायी. ओळखीचे, ओळखीच्यांच्या ओळखीचे आणि कधी अगदी अनोळखीही फोन करून तेच ते प्रश्न विचारतात, म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवली आहेत. काही पुण्या-मुंबईहून निघणाऱ्यांसाठी आहेत, काही युरोपातच राहणाऱ्या मराठी मंडळींसाठी. ज्यांना पॅरिस, स्वित्झर्लंड आणि रोम एकाच सुट्टीत बसवायचं आहे, त्यांनी इथेच थांबलं तरी चालेल.

एवढा मोठा देश सोडून हाच कोपरा का?

कारण इथे सगळं हाताशी आहे. सारला ते रोकामादूर जेमतेम ५५ किलोमीटर. तिथून फिजाक, फिजाकहून सेले नदीच्या काठाने काब्रेरे, तिथून काओर: प्रत्येक टप्पा तासाभराचा, फार तर थोडा जास्त. जमीन चुनखडीची. वर खुरट्या ओकांचं आणि दगडी बांधांचं कोरडं पठार, मध्ये नद्यांनी कापलेल्या खोल दऱ्या, कड्यांना चिकटलेली गावं आणि पोटात गुहा. म्हणजे सकाळी पठारावर चालायचं, दुपारी नदीत पाय सोडून बसायचं, दुसऱ्या दिवशी जमिनीखाली उतरायचं.

माझं एक ठाम मत आहे आणि खाली ते पुन्हा पुन्हा डोकावेल: कॅम्परव्हॅन ही चालवण्यासाठी कमी आणि उभी करून ठेवण्यासाठी जास्त असते. वाट जिथून सुरू होते तिथेच रात्री झोपायला मिळतं, हा तिचा खरा फायदा. रोज तीनशे किलोमीटर तोडायचे असतील तर साधी कार आणि हॉटेल घ्या. स्वस्तही पडेल आणि पाठही धरणार नाही.

किती दिवस हवेत?

दोन आठवडे असतील तर तीन मुक्काम, फार तर चार. सारलाच्या बाजूला दोर्दोन्यकाठ, मग रोकामादूर-पादिराक, मग सेलेचं खोरं, आणि शेवटी काओर. एकच आठवडा असेल तर सेलेचं खोरं आणि रोकामादूर, बस्स.

कोणत्या महिन्यात जावं?

मेचा उत्तरार्ध, जून किंवा सप्टेंबर. जूनमध्ये सूर्य साडेनऊच्याही पुढे मावळतो, त्यामुळे जेवून चालायला निघता येतं. जुलै-ऑगस्टमध्ये अर्धा फ्रान्स सुट्टीवर असतो. साँ-सिर्क-लापोपीसारख्या गावात दुपारी पाय ठेवायला जागा नसते आणि उष्णतेची लाट आली तर पठारावर सावलीही सापडत नाही. ऑगस्टची एकच गोष्ट मला आवडते: गावागावांतले संध्याकाळचे बाजार. चौकात लांबच लांब टेबलं मांडतात, टपऱ्यांवरून हवं ते आणायचं आणि अनोळखी लोकांच्या शेजारी बसून खायचं.

ऑक्टोबरपासून बहुतेक नगरपालिकांचे कॅम्पिंग बंद होतात, आणि शिकारीचा हंगामही तोवर सुरू झालेला असतो. त्याबद्दल पुढे.

व्हिसा आणि लायसन्सचं काय?

भारतीय पासपोर्टवर शेंगेन व्हिसा लागतो. २०२४ पासून प्रौढांसाठी फी ९० युरो आहे, आणि प्रवास विमा किमान ३०,००० युरोंचा हवा. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. मुक्कामाचे पुरावे मागतात, तिथे "गाडीतच झोपणार" एवढं लिहून भागत नाही. गाडीच्या भाड्याचं कन्फर्मेशन आणि रद्द करता येणारी कॅम्पिंगची बुकिंग्ज जोडा, तारखांच्या मध्ये फट राहू देऊ नका.

लायसन्सबरोबर आरटीओकडून आंतरराष्ट्रीय परवाना काढून घ्या. तो एक वर्ष चालतो. मूळ लायसन्स जवळ असलंच पाहिजे, परवाना त्याच्या जोडीने चालतो, त्याच्याऐवजी नाही. साध्या कारच्या लायसन्सवर ३.५ टनांपर्यंतची व्हॅन चालवता येते. भाड्याने देणाऱ्या बऱ्याच कंपन्या वयाची आणि लायसन्स किती जुनं आहे याची अट घालतात, ती पैसे भरण्याआधी वाचा.

गाडी कोणती घ्यावी?

दोघांसाठी सर्वांत लहान. फिएट दुकातोसारख्या डिलिव्हरी व्हॅनच्या आत पलंग, शेगडी, फ्रीज आणि टॉयलेट बसवलेलं मॉडेल ५.४१ किंवा ५.९९ मीटर लांबीत मिळतं. रुंदी आरशांशिवाय दोन मीटरच्या जरा वर. फोटोत सुंदर दिसणारी सात मीटरची पांढरी मोटरहोम या दऱ्यांतल्या रस्त्यांवर डोकेदुखी होते. समोरून दुसरी आली की कोणीतरी पाव किलोमीटर मागे जायचं असतं.

व्हॅन तुलूझ किंवा बोर्दोहून घ्या. पॅरिसहून घेतली तर जाण्या-येण्यात दोन दिवस जातात. गियर बहुधा हाताचे असतात आणि स्टिअरिंग डावीकडे, म्हणून ताब्यात घेतल्यावर आधी मोकळ्या पार्किंगमध्ये चार फेऱ्या मारा. गाडीची उंची साधारण २.६ मीटर असते, हा आकडा कागदावर लिहून स्टिअरिंगजवळ चिकटवा. सुपरमार्केट आणि नदीकाठच्या पार्किंगच्या तोंडाशी १.९० किंवा २ मीटरवर आडवी दांडी लावलेली असते.

उजवीकडून गाडी चालवणं कठीण जातं का?

पहिले दोन तास. मग हात बसतो. खरी गोची वेगळीच आहे. फ्रान्समध्ये जिथे काहीच पाटी नसते, तिथे उजवीकडून येणाऱ्याचा हक्क पहिला, मग ती गल्ली शेणाने भरलेली का असेना. गावांत हा नियम जिवंत आहे. ट्रॅक्टरवाला तुमच्याकडे न बघता रस्त्यावर येतो आणि चूक कायद्याने तुमची ठरते.

गावाच्या नावाची पाटी दिसली की वेगमर्यादा ५०, त्याच नावावर तिरकी लाल रेघ दिसली की गाव संपलं. बाहेरच्या दुपदरी रस्त्यांवर जुलै २०१८ पासून ८० आहे, काही जिल्ह्यांनी निवडक रस्त्यांवर पुन्हा ९० केली. मोटरवेवर १३०, पावसात ११०. टोलनाक्यावर दोन मीटरहून उंच व्हॅन दुसऱ्या वर्गात जाते, त्यामुळे कारपेक्षा जास्त पैसे पडतात. ए-२० हा मोटरवे मात्र व्हिएर्झाँ ते ब्रिव्ह फुकट आहे.

दारूची मर्यादा रक्तात लिटरला ०.५ ग्रॅम. काओरची वाइन इतकी गडद असते की तिला काळी वाइन म्हणतात. ती गाडी रात्रीपुरती उभी केल्यानंतरच उघडा.

रात्री गाडी कुठेही लावून झोपता येतं का?

कुठेही नाही, पण पुष्कळ ठिकाणी. फरक समजून घ्या. जिथे गाडी उभी करायला परवानगी आहे तिथे आत झोपायला सहसा कोणी हरकत घेत नाही, जोवर गाडी गाडीसारखी दिसते तोवर. छत बाहेर ओढलं, खुर्च्या मांडल्या, दोरीवर टॉवेल वाळत घातले की त्याचं कॅम्पिंग होतं, आणि त्याला नियम वेगळे. संरक्षित निसर्गस्थळं, समुद्रकिनारे आणि जुन्या वास्तूंचा परिसर यांवर बंधनं आहेत. शिवाय एखाद्या गावाने व्हॅनना रात्री मनाई केलेली पाटी लावली असेल तर वाद घालू नका.

या बाजूला बहुतेक गावांनी व्हॅनसाठी वेगळी जागा ठेवलेली असते. तिला 'एर' म्हणतात. कुठे फुकट, कुठे दहा-पंधरा युरो. पाण्याचं मशीन कधी कार्डावर चालतं, कधी त्यासाठी टोकन लागतं आणि ते टोकन बेकरीत किंवा ग्रामकचेरीत मिळतं. बेकरी सोमवारी बंद असते, हे रविवारीच आठवावं.

दुसरा पर्याय 'फ्रान्स पॅसियों' नावाच्या योजनेचा. वर्षाची वर्गणी भरली की शेतकरी, द्राक्षमळेवाले, चीज करणारे एक रात्र आपल्या आवारात गाडी लावू देतात. विकत घेण्याची सक्ती नसते. तरी जाऊन 'बोंजूर' म्हणायचं, निघताना निरोप घ्यायचा. आम्ही बहुधा अक्रोडाचं तेल किंवा चीज घेऊनच निघतो.

तिसरा, आणि मला सर्वांत आवडणारा, नगरपालिकेचा साधा कॅम्पिंग. नदीकाठी झाडी, गरम शॉवर, दोघांना व्हॅनसकट साधारण पंधरा ते पंचवीस युरो. पोहण्याचा तलाव असेल तर पुरुषांनी ध्यानात ठेवा: ढगळ हाफ पँट चालत नाही, अंगाला घट्ट बसणारी चड्डीच हवी. यावर तिथला रखवालदार कोणाचंही ऐकत नाही.

एक सूचना माहितीपुस्तिकेत छापत नाहीत. गाडी लावताना चर्चपासून लांब लावा. इथल्या खेड्यांत घड्याळाचे टोल रात्रभर पडतात, आणि बऱ्याच ठिकाणी तोच तास मिनिटभराने पुन्हा वाजवतात. पूर्वी शेतात असलेल्या माणसाचा पहिला टोल हुकला तर दुसरा मोजता यावा म्हणून, असं सांगतात. रात्री बारा वाजता हे चोवीस ठोके होतात.

संडास-अंघोळीची सोय कशी?

हा प्रश्न सगळे आवाज खाली आणून विचारतात, म्हणून मोठ्याने सांगते. टॉयलेटच्या खाली एक डबा असतो, कॅसेट म्हणतात. दोघांत दोन-तीन दिवसांनी तो बाहेरून काढून ठरलेल्या चेंबरमध्येच रिकामा करायचा. हातमोजे घालायचे, दोन मिनिटांत काम होतं. भांडी-अंघोळीचं पाणी वेगळ्या टाकीत साठतं, ते जमिनीवरच्या जाळीवर सोडायचं. तिथे दोन नळ असतात: कॅसेट धुवायचा वेगळा, पिण्याचा वेगळा. पाटी वाचल्याशिवाय बाटली लावू नका.

कामाची वाटणी आधी ठरवा. आमच्यात कॅसेट नवऱ्याकडे आणि नकाशा माझ्याकडे आहे, आणि यावर फेरविचार होणार नाही.

कपडे? मोठ्या सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये उघड्यावरच मोठी वॉशिंग मशिन्स असतात. कपडे लावायचे, आत जाऊन बाजार करायचा, डिझेल भरायचं. तिथलं डिझेल मोटरवेवरच्यापेक्षा स्वस्तही असतं.

वाट चुकत नाही का?

फ्रान्सइतक्या नीट खुणा केलेल्या पायवाटा मी दुसरीकडे पाहिल्या नाहीत. देशभरात सुमारे १,८०,००० किलोमीटर वाटा आखलेल्या आहेत आणि रंगकाम बहुतांशी स्वयंसेवक करतात. पांढरी-लाल पट्टी म्हणजे लांब पल्ल्याची जीआर वाट. पिवळी-लाल म्हणजे एखाद्या प्रदेशाला फेरी मारणारी. नुसती पिवळी म्हणजे अर्ध्या-एका दिवसाची, जिथून निघालो तिथेच परत आणणारी. व्हॅनवाल्यांनी पिवळीच्या मागे जावं, कारण गाडीकडे परत यायचं असतं. फुलीची खूण दिसली की इकडे नाही, मागे फिरा.

फोनवर नकाशा ठेवाच, पण 'आयजीएन' या सरकारी नकाशा-संस्थेचा १:२५,०००चा कागदी नकाशाही घ्या. त्यावर विहिरी, पडके वाडे, दगडी झोपड्या, सगळं असतं. पठारावर पाणी मिळत नाही. गावात सार्वजनिक नळ दिसला नाही तर दफनभूमीत जा. तिथे फुलझाडांसाठी नळ असतो आणि यात्रेकरू पिढ्यान्‌पिढ्या तिथेच बाटल्या भरतात. 'पिण्यायोग्य नाही' अशी पाटी नाही ना, एवढं पाहा.

सप्टेंबर ते फेब्रुवारी शिकारीचा काळ. रस्त्याकडेला 'शिकार सुरू आहे' अशी पाटी आणि उभ्या पांढऱ्या छोट्या व्हॅन दिसल्या तर भडक केशरी जाकीट घाला किंवा त्या दिवशी किल्ला बघा. गवतातून चालून आलात की संध्याकाळी गुडघ्यांच्या मागे गोचीड शोधा. आणि कुंपणाचं फाटक उघडलंत तर लावून घ्या.

तुमच्या स्वतःच्या आवडीच्या वाटा कोणत्या?

पहिली, आल्झूच्या घळीची. ग्रामा आणि रोकामादूर यांच्या मध्ये आल्झू नावाचा ओढा चुनखडीत खोल घळ पाडून गेला आहे. घळीत पाणचक्क्यांचे अवशेष आहेत, भिंतींवर शेवाळ, आत वाढलेली झाडं. उन्हाळ्यात पाणी अचानक गायब होतं, खडकात मुरून जातं, आणि तुम्ही कोरड्या गोट्यांच्या पात्राशेजारून चालता. शेवटी रोकामादूर खालून दिसतं: तळाशी घरांची एक ओळ, तिच्या डोक्यावर देवळांचा झुबका, त्याच्याही डोक्यावर कड्याच्या टोकाला किल्ला. सगळे प्रवासी वरच्या पार्किंगमधून उतरतात आणि छपरं बघतात. गाव बघायचं ते या बाजूने.

तिथे देवळाकडे जायला २१६ पायऱ्या आहेत, पूर्वी यात्रेकरू त्या गुडघ्यांवर चढत. वर काळ्या मेरीची लाकडी मूर्ती. कड्यात एक तलवार खुपसलेली होती, रोलाँ या वीराची 'दुरांदाल' म्हणून दाखवत. २०२४ च्या जूनमध्ये ती नाहीशी झाली. जमिनीपासून कितीतरी मीटर उंच, खडकात साखळीने बांधलेली तलवार कोणी आणि कशी नेली हा गावातला आवडता विषय आहे.

दुसरी, बुझिएस ते साँ-सिर्क-लापोपी. तासाभराची चाल. लॉत नदी इथे कड्याला घासून वाहते आणि काठ असा उरतच नाही, म्हणून एकोणिसाव्या शतकात नावा दोरीने ओढणाऱ्यांसाठी कड्याच्याच पोटात वाट कोरली. डोक्यावर खडक, बाजूला हिरवं पाणी. भिंतीवर दानिएल मोनिए या शिल्पकाराने मासे-शंखांसारख्या आकृतींचा लांबलचक पट्टा कोरला आहे. दगड कोसळल्यामुळे वाट मधूनमधून बंद करतात, तेव्हा आधी पर्यटन कार्यालयात विचारा. वर चढून गेलं की साँ-सिर्क. अतिवास्तववादी कवी आंद्रे ब्रेतोंने १९५० मध्ये हे गाव पाहिलं आणि इथे घरच घेतलं. तुम्ही संध्याकाळी सहानंतर पोचा, बसगाड्या गेल्यावर.

तिसरी वाट म्हणजे सेलेच्या काठची जीआर ६५१ वाटेल तिथे धरायची. एस्पान्याक, मार्सियाक, काब्रेरे. फारसं 'बघण्यासारखं' काही नाही. पडकं मठघर, मक्याची शेतं, कड्यात बांधलेलं एखादं घर. रात्री पठारावर गाडी लावाल तर दिवे बंद करून बाहेर बसा. केर्सीचा, म्हणजे लॉतभोवतीच्या चुनखडीच्या मुलखाचा, हा भाग देशातल्या सर्वांत काळोख्या आकाशांपैकी एक मानला जातो आणि आकाशगंगा नुसत्या डोळ्यांनी स्पष्ट दिसते.

लास्को बघायचं की पेश-मेर्ल?

दोन्ही आदिमानवाच्या भित्तिचित्रांच्या गुहा. लास्कोची मूळ गुहा तुम्हाला बघता येणार नाही. १९४० च्या सप्टेंबरमध्ये चार पोरांना ती सापडली, युद्धानंतर ती लोकांसाठी उघडली, आणि माणसांच्या श्वासाने भिंतींवर बुरशी-शेवाळ धरू लागल्याने १९६३ मध्ये बंद केली. १९८३ मध्ये जवळच तिची अर्धवट प्रतिकृती झाली, आणि २०१६ च्या डिसेंबरमध्ये माँतिन्याकला 'लास्को ४' ही जवळजवळ पूर्ण प्रतिकृती. काम अफाट आहे, मुलं बरोबर असतील तर तीच बघा.

पण दोघंच असाल आणि एकच निवडायची असेल, तर काब्रेरेजवळची पेश-मेर्ल. ती खरी आहे. १९२२ मध्ये दोन मुलगे रांगत आत शिरले होते. आज मार्गदर्शकाबरोबर छोट्या गटात नेतात आणि दिवसाला ठरावीक माणसंच आत सोडतात, म्हणून बुकिंग आधी करा. आत ठिपक्याठिपक्यांचे दोन घोडे आहेत, सुमारे २९,००० वर्षांपूर्वीचे. खडकाचं टोकच घोड्याच्या डोक्यासारखं दिसतं, चित्रकाराने ते हेरून घोडा तिथे बसवला. भोवती हाताचे छाप, तळहात भिंतीला टेकवून वरून रंग फुंकून काढलेले. पुढे जमिनीवर एका पोराचं पाऊल उमटलेलं आहे. आमच्या गटातला सतत फोटोंबद्दल तक्रार करणारा माणूसही तिथे गप्प झाला. फोटोला बंदी आहे, फार बरं आहे.

पादिराक वेगळं प्रकरण आहे. जमिनीत पडलेलं ७५ मीटर खोल विवर, तळाशी नदी, आणि नदीतून नावेने प्रवास. गुहासंशोधक एदुआर-आल्फ्रेद मार्तेल १८८९ मध्ये दोरीच्या शिडीने उतरला होता, आता लिफ्ट आहे. आत तापमान १३ अंशांच्या आसपास, स्वेटर न्या.

गावं आणि किल्ले कोणते चुकवू नयेत?

बेनाक आणि कास्तेलनो हे दोन किल्ले दोर्दोन्यच्या दोन काठांवर एकमेकांकडे डोळे वटारून उभे आहेत. १३३७ ते १४५३ च्या शंभर वर्षांच्या युद्धात बेनाक फ्रेंचांकडे, कास्तेलनो बराच काळ इंग्रजांकडे. कास्तेलनोत दगडफेकी यंत्रांचं संग्रहालय आहे. सह्याद्रीत वाढलेल्या माणसाला किल्ला लहान वाटेल, यंत्रं नाही.

सारलाचा बाजार बुधवारी आणि शनिवारी. साडेआठच्या आत जा. १९६२ च्या कायद्याने जुनी शहरं जपायला सुरुवात झाली, त्यात सारला पहिल्यांपैकी होतं, म्हणून पिवळ्या दगडाची गल्लीन्‌गल्ली शाबूत आहे.

काओरचा व्हालांत्रे पूल चौदाव्या शतकातला, तीन बुरुजांचा. गोष्ट अशी की काम रखडलं तेव्हा गवंड्याने सैतानाशी करार केला: सांगेन ती कामं करायची, मग आत्मा तुझा. पूल होत आला तेव्हा त्याने सैतानाला चाळणीने पाणी आणायला सांगितलं. चिडलेला सैतान मधल्या बुरुजाचा एक दगड रोज रात्री काढून टाकू लागला. १८७९ मध्ये दुरुस्ती करणाऱ्या पोल गूने त्या कोपऱ्यात दगड ओढणारा छोटा सैतानच कोरून बसवला. खालून डोळे ताणून शोधावा लागतो.

फिजाक हे शांपोलियोंचं जन्मगाव, इजिप्तची चित्रलिपी १८२२ मध्ये उलगडणारा तो हाच. त्याच्या घराच्या मागच्या चौकात, ज्याच्या आधाराने ती लिपी उलगडली त्या रोझेटा शिलालेखाची अवाढव्य काळी प्रतिकृती फरशीसारखी अंथरली आहे आणि लोक तिच्यावर बसून आइसक्रीम खातात.

इथून स्पेनमधल्या साँतियागो या तीर्थक्षेत्राची वाट जाते ना? म्हणजे फ्रेंच वारीच की!

असं म्हणायचा मोह सगळ्यांना होतो, मला पटत नाही. जीआर ६५ ल प्वी गावाहून निघून फिजाक-काओरवरून स्पेनच्या सीमेकडे जाते, सुमारे ७५० किलोमीटर. पण इथे दिंडी नाही, तिथी नाही, टाळ-मृदंग नाही. माणसं एकेकटी, गप्प, पाठीवर आठ-दहा किलो घेऊन चालतात. कित्येकांचा देवाशी संबंधही नसतो. त्यांच्याशी बोलायला मात्र मजा येते. एक दिवस त्यांच्याबरोबर चाला आणि संध्याकाळी बसने किंवा टॅक्सीने गाडीकडे परत या.

शाकाहारी माणसाचं कसं व्हायचं?

हा प्रदेश बदकाचा आहे, हे आधी मान्य करा. फसगत तिथेच होते. 'पोम सार्लादेझ' म्हणजे लसूण-पार्सली घातलेल्या बटाट्याच्या काचऱ्या, पण त्या बदकाच्या किंवा हंसाच्या चरबीत परततात. पेरिगोरच्या, म्हणजे दोर्दोन्यकडच्या, सॅलडमध्ये बदकाची पोटं. सूप चरबीवर फोडणी घातलेलं. 'मांस नको' सांगितलं तर हॅम चालेल ना, असं निरागसपणे विचारतात. म्हणून "मांस नाही, हॅम नाही, मासे नाहीत" असं तिन्ही सांगायचं. चीजमध्ये बऱ्याचदा प्राणिज विरजण असतं. कडक पाळणाऱ्यांनी ते गृहीत धरावं.

पण व्हॅनमध्ये शेगडी आहे, आणि बाजार दिव्य आहे. अक्रोड, स्ट्रॉबेरी, केर्सीची खरबुजं, रोकामादूरच्या बकरीच्या दुधाच्या चपट्या चकत्या. ल प्वीची हिरवी मसूर शिजायला वेळ लावत नाही आणि खिचडीत झकास लागते. पोळ्यांसाठी टी-१५० लिहिलेलं गव्हाचं पीठ घ्या. तूप घरी करायचं तर 'दू' लिहिलेलं लोणी घ्या, 'दमी-सेल' खारट असतं. फोडणी मात्र दार उघडं ठेवूनच करा. गादीला हिंगाचा वास लागला की आठवडाभर जात नाही.

घरून काय न्यावं?

मसाले, डाळ, पोहे, चहा, छोटा कुकर. युरोपीय संघाबाहेरून येताना दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणता येत नाहीत, त्यामुळे तूप, पेढे, बासुंदी घरीच ठेवा. ताजी फळं-पालेभाज्याही प्रमाणपत्राशिवाय नाहीत. हापूस नाही, कढीपत्ता नाही. केळी आणि नारळ यांना सूट आहे, याचा उपयोग तुम्ही ठरवा.

फ्रेंच येत नसेल तर?

दुकानात शिरताना 'बोंजूर', निघताना 'ओ रव्वार'. हे न म्हणता थेट "ब्रेड आहे का?" विचारलंत तर तुम्ही उद्धट. म्हटलंत तर पुढचं सगळं हातवाऱ्यांनी आणि फोनवरच्या भाषांतराने निभावतं. जेवण बारा ते दोनमध्येच मिळतं. अडीच वाजता जगातलं कुठलंही व्याकरण तुम्हाला जेवण मिळवून देणार नाही.

सुरक्षित आहे का?

खेड्यांत हो. चोऱ्या होतात त्या मोटरवेवरच्या थांब्यांवर आणि समुद्राकडच्या पार्किंगमध्ये. मोटरवेवर रात्र काढू नका. पासपोर्ट चालायला जाताना अंगावर. मदतीसाठी ११२.

सत्तरीच्या आई-बाबांना नेता येईल?

व्हॅनमध्ये चौघं नको. त्यांच्यासाठी त्याच कॅम्पिंगमध्ये छोटं लाकडी घर भाड्याने घ्या, तुम्ही बाहेर व्हॅनमध्ये. नदीकाठच्या वाटा त्यांना जमतील. रोकामादूरला लिफ्ट आहे.

एवढ्याशा जागेत दोघांची भांडणं होत नाहीत?

होतात, आणि जायला खोली नसते. आमचा उपाय: एकाने बाहेर जाऊन ब्रेड आणायचा. आम्ही फार ब्रेड खातो. शिवाय पाऊस लागून राहिला तर दोन दिवसांच्या वर गाडीत बसू नका. गुहांची बुकिंग्ज पावसाळी दिवसांसाठी राखून ठेवा.

पुन्हा जाल तर कुठे?

थोडं पूर्वेला, ओब्राकच्या पठारावर. हजार-तेराशे मीटर उंचीवरचा मोकळा गवताळ प्रदेश, दगडी बांध, आणि मेच्या २५ तारखेच्या सुमाराला फुलं-घंटा बांधलेल्या गाई वरच्या कुरणांत नेण्याचा सोहळा. ए-७५ मोटरवेवर मियोच्या पुलाखेरीज टोल नाही. तिथला 'अलिगो', म्हणजे बटाटा आणि ताजं चीज लसणाबरोबर घोटून हातभर तार निघेपर्यंत ओढलेला, चीजच्या विरजणाचा प्रश्न सोडला तर शाकाहारी आहे. रात्री मात्र मेमध्येही थंडी वाजते. गाडी घेताना हीटर चालू करून बघा आणि गॅसची टाकी भरलेली आहे ना, हे विचारून घ्या.